संरक्षणाच्या पैशात पाणी कुठे मुरतं?

प्रश्न थोडक्यात असा आहे: "संरक्षणासाठी दरवर्षी पावणेसात लाख कोटींच्या वर रक्कम मंजूर होते. त्यातली सीमेपर्यंत किती पोचते आणि कंपन्या, दलाल, पुढारी मिळून किती खातात? देशाच्या सुरक्षेचं नाव पुढे करून सरकार आकडे लपवतं, मग त्याच्या हिशेबावर विश्वास का ठेवायचा?"

मी संरक्षण लेखा विभागातून निवृत्त झालो. नोकरीचा बराच काळ पुण्यात, खरेदीच्या फाइलींवर वित्त सल्लागार म्हणून गेला. म्हणजे सही करणं हे काम, आणि कधीकधी सही न करणं हे त्याहून मोठं काम. तिथून जे दिसलं त्यावरून सांगतो: पैसा खाल्ला जातो, यात शंका नाही. पण लोक जिथे बोट दाखवतात तिथे त्यातला थोडाच सापडतो. मोठी रक्कम उशिरात, एकाच विक्रेत्याच्या दावणीला बांधून घेण्यात आणि वर्षानुवर्षं कुणी न तपासलेल्या दरांत जाते. त्यातली बहुतेक अगदी नियमांत बसवून जाते, म्हणून तिचा घोटाळा होत नाही आणि बातमीही होत नाही.

आधी आकडा सुटा करू. 2025-26 चा संरक्षण अर्थसंकल्प 6,81,210 कोटींचा. त्यातले 1,60,795 कोटी निवृत्तिवेतनाचे. 3 लाख 11 हजार कोटींच्या वरचा महसुली खर्च म्हणजे पगार, भत्ते, इंधन, दारूगोळा, दुरुस्ती, रेशन. भांडवली खर्च 1,80,000 कोटी, आणि त्यात नवी शस्त्रं-साधनं घेण्यासाठी सुमारे 1,48,700 कोटी. यातही मोठा वाटा आधीच्या करारांच्या हप्त्यांचा असतो. म्हणजे एखादा मंत्री किंवा कंपनी "या वर्षी" ज्या रकमेवर प्रभाव टाकू शकेल ती एकूण आकड्याच्या मानाने फारच लहान. निम्म्याहून जास्त पैसा जवानाच्या आणि माजी सैनिकाच्या बँक खात्यात जातो. तिथे खाण्याला वाव नाही. तिथला वाद वेगळा आहे, आणि वन रँक वन पेन्शन व अग्निपथच्या निमित्ताने तो झालाही.

आता मुरण्याच्या जागा. सर्वांत छोटी आधी घेतो, कारण तिथलं तंत्र समजलं की बाकीची समजतात.

डेपोत एखादा सुटा भाग लागतो. समजा एक सील, रबराचं. दर बरोबर आहे की नाही हे आम्ही कसं ठरवायचं? आधीची खरेदी काढायची, तिला एलपीपी म्हणतात, लास्ट पर्चेस प्राइस. त्यावर महागाईची वाढ लावायची. आलेला भाव त्याच्या आसपास असला की "दर वाजवी आहे" असा शेरा. ऐकायला ठीक वाटतं. पण पहिली खरेदी कशी झाली होती? गाड्या उभ्या होत्या, तातडी होती, माल दहा-वीस नग हवा होता, एकच पुरवठादार पुढे आला आणि त्याने तोंडाला येईल तो भाव सांगितला. तो भाव कागदावर आला आणि पुढच्या प्रत्येक खरेदीचा पाया झाला. नंतर हजार नग घेतले तरी पाया तोच, वर दरवर्षीची वाढ. एका फाइलीत मी मागे मागे जात मूळ खरेदीपर्यंत पोचलो, तर तिला कुठलाच आधार नव्हता. पुण्याच्या भोसरीतल्या कारखानदाराला तसाच नमुना दाखवून भाव मागवला तेव्हा तो कित्येक पटींनी कमी निघाला. कुणी लाच घेतल्याचा पुरावा मला मिळाला नाही, आणि कदाचित कुणी घेतलीही नसेल. पद्धतच अशी की चूक एकदा आत शिरली की तिला नियमांचं संरक्षण मिळतं.

याची दुसरी बाजू म्हणजे मागणीचे तुकडे पाडणं. प्रत्येक अधिकाऱ्याला ठरावीक रकमेपर्यंत खरेदीचे अधिकार असतात. वरच्या कार्यालयाची नजर नको असेल तर एका मागणीच्या चार मागण्या होतात, चारही मर्यादेच्या आत. कधी हेतू वाईट असतो, कधी फक्त मार्च एंडिंगची घाई असते. फाइलीवर दोन्ही सारखेच दिसतात, हीच पंचाईत.

हा फक्त आपला रोग आहे असंही नाही. अमेरिकेत ट्रान्सडाइम नावाची कंपनी विमानांचे सुटे भाग पुरवते आणि त्यातल्या कित्येकांची ती एकमेव पुरवठादार आहे. तिथल्या संरक्षण खात्याच्या महानिरीक्षकांनी 2019 मध्ये तिचे 47 भाग तपासले, तर 46 भागांवर अवाजवी नफा घेतलेला आढळला. कंपनीने 1 कोटी 61 लाख डॉलर परत केले. बहुतेक खरेद्या इतक्या लहान होत्या की उत्पादनखर्चाचा तपशील मागण्याची सक्तीच लागू होत नव्हती. कंपनीने कायदा मोडला नाही, फक्त त्याच्या उंबरठ्याखालून गेली. कॉर्पोरेट हावरेपणा म्हणतात तो दिसायला असा असतो. बीजकं व्यवस्थित, कर भरलेला, आणि भाव मात्र मनाला येईल तो.

मोठ्या सौद्यांत खेळ भावाच्या टप्प्यावर सहसा होत नाही, तो फार आधी उरकतो. वस्तूत काय गुण हवेत याची यादी लष्कर करतं. त्या यादीतली एक ओळ बदलली की स्पर्धक गळतात. अतिमहत्त्वाच्या व्यक्तींसाठी घेतलेल्या 12 ऑगस्टा वेस्टलँड हेलिकॉप्टरांचं प्रकरण यासाठी वाचण्यासारखं आहे. सुरुवातीची अट होती की हेलिकॉप्टर 6,000 मीटर उंचीवर उडालं पाहिजे. त्या अटीत एकच कंपनी बसत होती, म्हणून ती 4,500 मीटरवर आणली. पण त्याच वेळी केबिनची उंची किमान 1.8 मीटर हवी असं ठरलं, आणि पुन्हा एकच कंपनी उरली, फक्त वेगळी. कॅगने, म्हणजे सरकारी हिशेब तपासणाऱ्या महालेखापरीक्षकांनी, 2013 च्या अहवालात आणखी एक गोष्ट टिपली, आणि माझ्यासारख्या माणसाला तीच सर्वांत जास्त खटकते. वाटाघाटीपूर्वी समितीने आपला अंदाजित दर ठरवायचा असतो. तो ठरला सुमारे 4,870 कोटी. कंपनीने मागितले होते 3,966 कोटी. ग्राहकच दुकानदाराच्या भावापेक्षा जास्त अंदाज बांधून बसला, तर घासाघीस कशाची करणार? करार 2010 मध्ये झाला, लाचखोरीचे आरोप झाले, 1 जानेवारी 2014 ला तो रद्द झाला. कंपनीच्या तत्कालीन वरिष्ठांना इटलीतल्या अपिली न्यायालयाने 2018 मध्ये निर्दोष सोडलं. इकडचा तपास आणि खटला वर्षानुवर्षं रेंगाळला. लाच सिद्ध होवो न होवो, अंदाजित दराची ती ओळ कागदावर आहेच, आणि ती वाचायला गुप्तहेर लागत नाही.

लाच पकडली की देशाचा फायदा होतो, असंही सरळ समीकरण नाही. स्वीडनच्या बोफोर्स तोफा घ्या. मार्च 1986 मध्ये 1,437 कोटींचा करार झाला. एप्रिल 1987 मध्ये स्वीडिश रेडिओने दलालीची बातमी दिली. आरोप 64 कोटींचा होता, म्हणजे कराराच्या साडेचार टक्क्यांच्या आसपास. पुढे सरकार गेलं, सीबीआय देशोदेशी फिरली, आणि 2004 व 2005 मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने उरलेसुरले आरोपही बहुतांशी मोडीत काढले. तोफ मात्र उत्तम निघाली, कारगिलमध्ये सगळ्यांनी पाहिली. पण त्यानंतर कुणी तोफेच्या फाइलीला हात लावीना. 155 मिलिमीटरची नवी तोफ सैन्यात रीतसर दाखल झाली ती नोव्हेंबर 2018 मध्ये, आपल्या नाशिकजवळच्या देवळालीत. मधली तीस वर्षं कोरडी. दरम्यान ज्या कंपन्यांवर संशय आला त्यांना काळ्या यादीत टाकत गेलो. 2012 मध्ये एकदम सहा कंपन्यांवर दहा वर्षांची बंदी घातली, त्यात तोफा बनवणारीही होती. बिहारमधल्या नालंदाच्या दारूगोळा कारखान्याचं काम तर परदेशी भागीदारच काळ्या यादीत गेल्याने वर्षानुवर्षं रखडलं. बंदी घालणारा अधिकारी सुरक्षित राहतो, कारण त्याच्यावर कुणी ठपका ठेवत नाही. निर्णय न घेतल्याबद्दल मी तरी कुणाची चौकशी झालेली पाहिली नाही.

याच भीतीतून उशीर जन्मतो, आणि माझ्या मते सगळ्यांत जास्त पैसा उशिरात जातो. माझगाव डॉकमधल्या सहा स्कॉर्पिन पाणबुड्यांचा करार ऑक्टोबर 2005 चा, 18,798 कोटींचा. पहिली 2012 च्या अखेरीस यायची होती. कलवरी आली डिसेंबर 2017 मध्ये, आणि शेवटची वाघशीर जानेवारी 2025 मध्ये. प्रकल्पाची किंमत 2010 मध्येच 23,562 कोटींवर गेली होती. विक्रमादित्य ही विमानवाहू नौका 2004 मध्ये 97 कोटी 40 लाख डॉलरला ठरली. रशियाने अर्ध्यावर आल्यावर वाढीव पैसे मागितले आणि सौदा सुमारे 2 अब्ज 35 कोटी डॉलरवर गेला. आता नाही म्हणायची सोय नव्हती, कारण दिलेले पैसे बुडाले असते. तेजस विमानाचा प्रकल्प 1983 मध्ये मंजूर झाला, पहिलं उड्डाण 2001 मध्ये, हवाई दलाची पहिली तुकडी 2016 मध्ये. मे 2025 मध्ये हवाई दलप्रमुख ए. पी. सिंग उद्योजकांच्या सभेत जाहीरपणे म्हणाले की वेळेवर पूर्ण झालेला एकही प्रकल्प त्यांना आठवत नाही. गणवेशातला माणूस असं उघड बोलतो तेव्हा आतली परिस्थिती काय असेल ते ओळखा. आणि उशिराचा खर्च फक्त वाढीव किमतीचा नसतो. नवं येईपर्यंत जुनं चालू ठेवावं लागतं. जुन्याचे सुटे भाग मूळ कारखान्यात बनेनासे झालेले असतात, मग ते कुठून तरी, मिळेल त्या भावात आणावे लागतात. वरचं रबराचं सील असंच जन्माला येतं.

परदेशी कंपन्यांच्या बाबतीत आणखी एक गळती आहे. मोठ्या कराराच्या काही टक्के रकमेइतकं काम किंवा तंत्रज्ञान भारतात द्यायचं, याला ऑफसेट म्हणतात. करार मिळेपर्यंत कंपन्या त्याची आश्वासनं मुक्तहस्ताने देतात. कॅगने सप्टेंबर 2020 मध्ये हिशेब मांडला: 2005 पासून मार्च 2018 पर्यंत 46 ऑफसेट करार, एकूण 66,427 कोटींचे. डिसेंबर 2018 पर्यंत 19,223 कोटींचं काम व्हायला हवं होतं. कंपन्यांनी दावा केला 11,396 कोटींचा, आणि त्यातलेही 48 टक्केच मंत्रालयाने मान्य केले होते. ऑफसेटपायी मूळ भावात कंपनी काहीतरी चढवतेच. म्हणजे आपण पैसे दिले आणि वस्तू आली नाही. हा अहवाल आल्यानंतर त्याच महिन्यात नवी खरेदी पद्धत जाहीर झाली, आणि सरकार-ते-सरकार व्यवहारांतून ऑफसेटची अटच काढून टाकण्यात आली. वसुली जमत नाही म्हणून येणंच माफ केलं, असं मी याला म्हणेन. त्यावेळचे माझे सहकारी याच्याशी सहमत नव्हते. अट ठेवून भाव चढवून घेण्यापेक्षा नसलेली बरी, हा त्यांचा युक्तिवादही अगदी टाकाऊ नाही.

आता सरकारच्या खरेपणाचा प्रश्न. सरळ खोटा आकडा देणं अवघड असतं, कारण खालच्या पातळीवर फार माणसांना खरा आकडा माहीत असतो. लपवाछपवी वेगळ्या रीतीने होते.

पहिली रीत: सोयीचा आकडा सांगायचा. फेब्रुवारीत "विक्रमी तरतूद" अशी बातमी येते. ते अंदाजपत्रक असतं. वर्षभराने सुधारित अंदाज येतो, त्यानंतर प्रत्यक्ष खर्च, आणि तोवर कुणी पाहत नाही. 2024-25 साठी भांडवली तरतूद 1,72,000 कोटी जाहीर झाली होती, सुधारित अंदाजात ती 1,59,500 कोटी झाली. साडेबारा हजार कोटी गेले कुठे? कुणी खाल्ले नाहीत. ते खर्चच झाले नाहीत. पण बातमीत विक्रम तसाच राहिला.

दुसरी रीत गुप्ततेची. काय गुप्त ठेवावं याबद्दल माझं मत ठाम आहे. क्षेपणास्त्राचा पल्ला, रडारची वारंवारिता, साठा कुठे आहे, हे झाकलंच पाहिजे. किंमत का झाकायची? शत्रूला आपल्या विमानाच्या भावाचा उपयोग नाही, पुढच्या विक्रेत्याला आहे, आणि तो कुठूनही काढतोच. राफेलच्या 36 विमानांचा करार सप्टेंबर 2016 चा, सुमारे 7.87 अब्ज युरोचा. सरकारने 2008 च्या गोपनीयता कराराचा आधार घेतला. कॅगच्या फेब्रुवारी 2019 च्या अहवालात किमतीचे आकडे वगळून फक्त टक्केवारी आली: याच विमानांच्या आधीच्या, पूर्ण न झालेल्या खरेदीच्या प्रस्तावाच्या तुलनेत 2.86 टक्के स्वस्त. मंत्रालय 9 टक्के म्हणत होतं. फरकाचं एक कारण मला फार बोलकं वाटतं. जुन्या प्रस्तावात बँक हमीचा खर्च धरलेला होता. नव्या करारात फ्रान्सने हमीऐवजी नुसतं आश्वासनपत्र दिलं, म्हणजे कंपनीचा तो खर्च वाचला, आणि ती बचत आपल्याला मिळायला हवी होती असं कॅगने नोंदवलं. इतका साधा मुद्दा. पण तो चर्चेत आला नाही, कारण एका बाजूला "चोर" आणि दुसऱ्या बाजूला "देशद्रोही" चालू होतं. त्याआधी डिसेंबर 2018 मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या निकालात कॅगचा अहवाल संसदेच्या लोकलेखा समितीने तपासल्याचा उल्लेख आला, तेव्हा अहवाल मांडलाही गेला नव्हता. सरकारने दुसऱ्याच दिवशी दुरुस्तीचा अर्ज केला, आपल्या टिपणीतल्या वाक्याचा काळ चुकीचा वाचला गेला म्हणून. न्यायालयाने नोव्हेंबर 2019 मध्ये फेरविचार याचिकाही फेटाळल्या. माझ्या वाचनात त्या व्यवहारात लाच सिद्ध झालेली नाही. पण न्यायालयाला किमतीची माहिती बंद लिफाफ्यात दिली की लोकांचा विश्वास बसत नाही, हेही तिथेच दिसलं.

तिसरी रीत मला सर्वांत धोक्याची वाटते: तपासणाऱ्याचा आवाज कमी करणं. 2017 मध्ये कॅगने लिहिलं की दारूगोळ्याच्या 152 प्रकारांपैकी 61 प्रकारांचा साठा दहा दिवसांच्या लढाईलाही पुरणार नाही. गदारोळ झाला. म्हणजे उघड बोलल्याने निदान चर्चा झाली. पण पुढे संरक्षणविषयक अहवाल संकेतस्थळावर टाकणं थांबलं. संसदेत ते मांडले जात, पण तुम्ही-आम्ही घरबसल्या वाचायची सोय गेली. 2018 मध्ये संसदेच्या स्थायी समितीसमोर उपसेनाप्रमुखांनी 68 टक्के सामग्री जुनाट असल्याचं सांगितलं, आणि तो अहवाल छापणाऱ्या समितीचे अध्यक्ष, सत्ताधारी पक्षाचेच मेजर जनरल भुवनचंद्र खंडुरी, त्याच वर्षी त्या पदावर राहिले नाहीत. कारण कुणी जाहीर केलं नाही.

आणि संशय घेणाऱ्यांनाही एक सांगायला हवं. कारगिलच्या वेळी घेतलेल्या ॲल्युमिनियमच्या शवपेट्यांवरून संसदेत "कफनचोर" अशा घोषणा झाल्या. 2013 मध्ये विशेष न्यायालयाने आरोपींना पुराव्याअभावी मुक्त केलं. हे प्रकरण कॅगच्या ज्या अहवालातून निघालं त्यातली खरी गंभीर गोष्ट दुसरी होती: कारगिलसाठी म्हणून केलेल्या तातडीच्या खरेदीतला बहुतांश माल लढाई संपल्यावर आला. हे कुणाच्या घोषणेत आलं नाही. आपल्याकडे आदर्श सोसायटीचंही तसंच. कारगिलच्या विधवांची घरं लाटली, या रागावर प्रकरण पेटलं. चौकशी आयोगाने जमीन राज्य सरकारची आणि विधवांसाठी राखीव नसल्याचं म्हटलं, मग सगळंच खोटं असल्यासारखं वातावरण झालं. कुलाब्यातल्या 31 मजल्यांसाठी नियम वाकवले गेले आणि फाइलीवर सह्या करणाऱ्यांच्या नातलगांना सदनिका मिळाल्या, हा मूळ मुद्दा मात्र त्यात विरला.

तुमच्या प्रश्नामागे बहुधा आणखी एक काळजी आहे: आता खासगी कंपन्या आल्या, मग लूट वाढेल का? सरकारी कारखाने फार धुतल्या तांदळासारखे होते असं समजू नका. त्यांना काम नामांकनाने मिळायचं, म्हणजे स्पर्धेशिवाय, आणि खर्चावर ठरावीक टक्के नफा धरून. खर्च वाढला की नफाही वाढणार, मग खर्च कमी कोण करेल? 1 ऑक्टोबर 2021 ला 41 आयुध निर्माणी मोडून सात कंपन्या झाल्या. दारूगोळ्याची कंपनी, म्युनिशन्स इंडिया, पुण्यात आहे, आणि खडकी, वरणगाव, भंडारा, चांदा इथले कारखाने तिच्याकडे आहेत. पाटी बदलली, पण ग्राहक एकच आणि बऱ्याच मालाला विक्रेताही एकच, हे बदललेलं नाही. तिथल्या कामगार संघटना खासगीकरणाच्या भीतीने बोलतात, पण दर कसे ठरतात याबद्दल त्या कधी बोलल्याचं मला आठवत नाही. आणि राजकीय देणग्यांचं काय? निवडणूक रोखे सर्वोच्च न्यायालयाने 15 फेब्रुवारी 2024 ला घटनाबाह्य ठरवले. तोवर रोख्यांतून कोणत्या कंत्राटदाराने कुणाला किती दिले हे पाहण्याचा मार्गच नव्हता. संरक्षणात खासगी वाटा वाढत असताना हे प्रकरण मिटलं असं मी मानत नाही.

पाहायचं असेल तर एक करार निवडा आणि त्याच्या मागे लागा. मी सुचवेन तो एटीएजीएस या देशी बनावटीच्या तोफेचा. आराखडा डीआरडीओच्या पाषाणच्या प्रयोगशाळेचा. मार्च 2025 मध्ये 307 तोफांचा, सुमारे 6,900 कोटींचा करार झाला. भारत फोर्ज आणि टाटा यांनी बोली लावली, कमी बोलीच्या भारत फोर्जला 60 टक्के, दुसऱ्याला 40 टक्के. दोन पुरवठादार ठेवले हे मला पटलं. पहिला भाव स्पर्धेतून आला, म्हणून तो बहुधा ठीक असेल. पण तोफेबरोबर तीस-चाळीस वर्षांचे सुटे भाग, नळ्या आणि दुरुस्त्या येतात, आणि त्या वेळी ज्याची तोफ त्याचाच भाग घ्यावा लागतो. त्यांचे दर आज करारातच बांधून घेतले आहेत का, हे तुमच्या खासदाराला लेखी विचारा. लोकसभेत अतारांकित, म्हणजे लेखी उत्तराचा, प्रश्न टाकायला त्यांना पैसे पडत नाहीत. उत्तर "राष्ट्रीय सुरक्षेच्या कारणास्तव माहिती देता येत नाही" असं आलं, तर सुट्या भागाच्या भावात कसली सुरक्षा, एवढं पुन्हा विचारायला सांगा.